बॅरिटोन बांधायचीय? आधी तळाची तार ठरवा

गेल्या अंकात बॅरिटोन गिटारचा ओझरता उल्लेख केला होता. तारा सहाच, पण मान लांब आणि सूर नेहमीच्या गिटारपेक्षा पाच-सात पडदे (म्हणजे फ्रेट, एकेक अर्धा सूर) खाली. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून. त्यातली काही या वेळी घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न जवळपास सगळ्यांचाच आहे.

ताई, ऐरोलीत आमचा चार जणांचा बँड आहे. मला बॅरिटोन इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायची आहे. 30 इंची स्केल, महोगनीची बॉडी, दोन हंबकर (तारेचं कंपन पकडणारे दोन कॉइलचे पिकअप) आणि काळा रंग एवढं ठरलंय. ट्यूनिंग बी (B) ठेवायचं की ए (A), ते नंतर बघू. ओळखीच्या वखारीत लाकूड चांगलं आलंय, घेऊन ठेवू का? – एक वाचक, ऐरोली

लाकूड अजून घेऊ नका. तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला प्रश्नच पहिला आहे. तळाची तार बीला लावायची की एला, यावर तारेची जाडी आणि स्केल ठरते. स्केलवर मानेची लांबी, ट्रस रॉड (मान वाकू न देणारा आतला धातूचा दांडा), ब्रिजची जागा आणि गळ्यात अडकवल्यावरचा तोल ठरतो. लाकडाचा नंबर त्यानंतर लागतो.

नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) मोकळ्या तारेची लांबी म्हणजे स्केल. ती बहुधा 25.5 इंच, म्हणजे 648 मिलिमीटर असते. तिच्यावर तळाची ई (E) 82.4 हर्ट्झला वाजते. पाच पडदे उतरवून बी केली की 61.7 आणि सात उतरवून ए केली की बरोबर 55. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे 46ची (0.046 इंच जाडीची) तार त्याच गिटारवर ईवरून बीला आणली तर ताण 56 टक्क्यांवर येतो. तार लोंबकळते, फ्रेटवर आपटते, आणि पिक जोरात मारला की सूर आधी चढा येऊन मग खाली बसतो.

गेलेला ताण परत आणायचे मार्ग दोनच. तार जाड करायची, नाहीतर लांब करायची. जाड तार ताठ असते, तिचे वरचे हार्मोनिक्स जागेवर न बसता चढे होतात आणि आवाज मातकट येतो. लांब तार स्वच्छ वाजते, पण डाव्या हाताची बोटं ताणतात. किती जाडी घ्यायची आणि किती लांबी, हे आपल्या वाजवण्यावरून ठरवायचं असतं.

यासाठी मी एक साधा हिशेब वापरते. 25.5 इंची मानेला नटच्या बाजूने एक पडदा वाढवला तर स्केल होते 27.02 इंच. दोन वाढवले तर 28.62 आणि तीन वाढवले तर 30.32. बाजारात दिसणाऱ्या 27, 28⅝ आणि 30 इंची बॅरिटोन याच मापांच्या आसपास आहेत. वाढवलेला प्रत्येक पडदा एका पडद्याची उतराई भरून काढतो, म्हणजे तीच तार तेवढ्याच ताणाला बसते. उरलेली उतराई जाडीने भरायची, एका पडद्यामागे साधारण 6 टक्के. बी म्हणजे पाच पडदे खाली. 28⅝ इंचांत दोन भरून निघाले, तीन उरले. म्हणून 10-46चा सेट (सर्वांत बारीक तार 10ची, सर्वांत जाड 46ची) ज्यांच्या हाताला बरा वाटतो, त्यांना इथे 12-56 तसाच वाटेल. त्याच गिटारवर ए हवा असेल तर पाच उरतात, मग 13-62. तुमच्या 30 इंचांवर बी लावलात तर 11-52 पुरेल, आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो.

मग 30च का नको? एक करा. म्युझिकच्या दुकानात जाऊन शॉर्ट स्केल बास हातात घ्या. त्याची स्केल 30 इंचच असते. पहिल्या चार पडद्यांत तुमच्या बँडची कॉर्ड्स धरून बघा. नटपासून चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर नेहमीच्या गिटारवर 134 मिलिमीटर असतं, 28⅝वर 150 आणि 30वर 157. आकडे वाचून हे कळत नाही, पण तीन गाणी सलग वाजवली की मनगट स्वतःच सांगतं. बँडमध्ये तुम्ही कॉर्ड्स वाजवणार असाल तर माझं मत 28⅝ आणि बी. एकेका तारेवरचे रिफ वाजवायचे असतील, आणि तेही एमध्ये, तर 30 घ्या आणि मागे वळून बघू नका.

हे ठरलं की पूर्ण मापाचं चित्र काढा, एकास एक. खाकी कागदाचा रोल आणा, जमिनीवर पसरा, मधोमध एक सरळ रेष मारा. आधी नट, मग ब्रिज, मग बरोबर अर्ध्यावर बारावा पडदा. पहिला पडदा कुठे येतो ते काढायला स्केलला 17.817ने भागा. 28⅝ला, म्हणजे 727 मिलिमीटरला, उत्तर येतं 40.8. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा पडदा मिळतो. असं शेवटपर्यंत जायचं. कागदावर पट्टी सरकवत मोजू नका, प्रत्येक अंतर नटपासून लिहून काढा, नाहीतर पेन्सिलीच्या टोकाची चूक पडद्यागणिक साचत जाते. जाड तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) स्केलच्या रेषेच्या काही मिलिमीटर मागे जातं, त्यामुळे सॅडलला मागे सरकायला जागा राहील असा ब्रिज बसवा. मग बॉडी काढा आणि पट्ट्याचं बटण कुठे येतंय ते बघा. ब्रिज तिथेच ठेवून 28⅝ची मान लावली की नट जवळजवळ 8 सेंटीमीटर लांब जातो. वरचं शिंग आखूड असेल तर हात सोडल्यावर मान जमिनीकडे झुकते, आणि डावा हात वाजवायचा सोडून मान धरत बसतो. शिंग लांब करायचं की हलक्या वजनाच्या ट्यूनिंग कीज (खुंट्या) घ्यायच्या, ते कागदावर ठरवायला काहीच खर्च येत नाही.

ट्रस रॉडचंही इथेच ठरवा. सहज मिळणारा रॉड नेहमीच्या मानेच्या मापाचा असतो. लांब मानेत तो एका टोकाला कमी पडतो आणि तेवढा भाग आपल्या मर्जीने वाकतो. लांब, दोन्ही बाजूंनी फिरणारा रॉड मागवा आणि त्याच्या दोन्ही अंगांना कार्बन फायबरच्या पट्ट्या घाला. ड्रोन आणि विमानांच्या मॉडेल्सचं सामान विकणाऱ्यांकडे त्या मिळतात.

ब्रिज, ट्यूनिंग कीज, पिकअप, रॉड आणि तारा हे सगळं सामान हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये. वेबसाइटवरचं माप आणि हातात आलेलं माप यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक निघाला की खाच सैल होते. महोगनी चांगलीच आहे, तून घेतलंत तरी चालेल. तेही महोगनीच्याच कुळातलं, वजनाला हलकं, आणि सतारीसाठी आपल्याकडे पूर्वापार वापरलं जातं. हंबकर फार ताकदवान घेऊ नका. खालच्या सुरांत ताकद तारेची असतेच, पिकअपकडून स्पष्टपणा हवा.

माझा आवाज ढाला आहे. काळी एकमध्ये अभंग आणि भावगीतं गातो, सोबतीला एक मित्र गिटार वाजवतो. त्याला बॅरिटोन बनवून द्यावी असं मनात आहे. आपल्या गाण्याला ती शोभेल का? – एक वाचक, नेरूळ

शोभेल, आणि तुमच्या पट्टीला तर विशेष. बीला लावलेल्या बॅरिटोनवर दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की ईच्या कॉर्डचा आकार काळी एकमध्ये वाजतो. पहिल्या पडद्यावर लावला की पांढरी एक. नेहमीच्या गिटारवर काळी एकसाठी एकतर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीचा आकार धरावा लागतो, नाहीतर चौथ्यावर लावून एचा. दोन्हीत ईच्या मोकळ्या आकाराचा तो भारदस्त तळ मिळत नाही. षड्ज अगदी तळाच्या तारेवर मिळाला की गाणाऱ्याला खाली भक्कम जमीन मिळते.

मित्राला एक नक्की सांगा. सहाही तारा एकदम छेडू नका. तळाशी सूर एकमेकांच्या जवळ आले की गढूळ होतात, आणि तिथे तबल्याचा डग्गा किंवा पखवाजाची धुमही असते. कॉर्ड वरच्या चार तारांवर आणि जाड तारांवर एकेकटा सूर, तोही समेच्या आसपास. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये डबल बासची ओळ अशाच सहा तारांच्या खालच्या गिटारवर, तळहाताने तारा दाबून, दुणावून वाजवत. अभंगाच्या ठेक्याला हे काम फार छान बसतं. मी ते ऐकलंय आणि मला ते मनापासून आवडतं.

ताई, कोकणातलं आमचं आजोळचं घर उतरवलं. सागाची एक तुळई मी ठाण्याला आणून ठेवलीय, रुंदी साधारण आठ इंच. तिची बॅरिटोन बनवता येईल का? – एक वाचक, चरई, ठाणे

येईल, आणि बनवाच. अशी तुळई विकत मिळत नाही. वखारीतला साग बहुतेक लागवडीचा, रुंद वर्तुळांचा. जुन्या घरातल्या तुळईत वर्तुळं दाट असतात आणि लाकूड कित्येक पावसाळे बघून शांत झालेलं असतं.

पहिलं काम खिळे शोधण्याचं. लहान मेटल डिटेक्टर फिरवा, किंवा चुंबक दोऱ्याला बांधून सगळीकडून न्या. लोखंड सागात राहिलं की भोवती निळसर काळा डाग धरतं, आणि तो रेषेच्या दिशेने खिळ्याच्या पुढे बोट-दोन बोटं गेलेला असतो. खिळा निघाला तरी डाग राहतो. मला विचाराल तर तो बॉडीच्या पुढच्या बाजूला दिसू द्यावा, घराची खूण आहे ती. मानेच्या तुकड्यात मात्र खिळ्याचं भोक किंवा गाठ नको.

टोक कापल्यावर घाबरू नका. बाहेरून काळपट राखाडी दिसणारी तुळई आतून पिवळसर मधाच्या रंगाची निघते, चामड्यासारखा वास सुटतो, आणि उघड्यावर राहिली की रंग तपकिरीकडे वळायला लागतो. सागात वाळूसारखा सिलिका असतो. रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, म्हणून सुताराला धारेसाठी वेळ द्या, घाई लावू नका. साग तेलकटही असतो. बॉडीची रुंदी 32 सेंटीमीटरच्या आसपास लागते, म्हणजे तुम्हाला दोन तुकडे जोडावे लागतील. जोडायच्या बाजू रंध्याने ताज्या करा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, आणि सुकल्या की लगेच सरस लावून शिकंजे आवळा. रात्रभर थांबलात तर तेल पुन्हा वर येतं.

खरी अडचण वजनाची. बॉडीत साधारण चार लिटर लाकूड असतं. साग घनमीटरला 650 किलोच्या आसपास, म्हणजे नुसती बॉडी अडीच किलोंच्या वर जाते. आतून दोन्ही अंगांना पोकळ्या कोरा, मध्ये ब्रिज आणि पिकअपखाली सलग पट्टा ठेवा, वर त्याच तुळईचा पातळ तक्ता लावा. पण फार हलकी करू नका, नाहीतर मी वर सांगितलं तशी मान झुकेल. लांब मानेला समोर थोडं वजन लागतंच.

तुळई गच्चीवर असेल तर आजच घरात घ्या, खाली-वर पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशी. ठाण्याच्या जुलैत जुनं लाकूडही पाणी पितं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. 12 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कापू नका. आणि लॅकर दसऱ्यानंतर. पावसाळी हवेत नायट्रोसेल्युलोज लॅकर मारला की सुकताना दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि दुधाळ पांढुरका थर येतो. हे चार महिने चित्र काढायला आणि सामान जमवायला उत्तम आहेत.

मी बारावीत आहे. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटसारखी एक स्वस्तातली गिटार आहे. तिचीच बॅरिटोन करता येईल का? – कोपरखैरणे

येईल. पण आधी परीक्षा संपू दे, कारण एकदा सुरू केलंस की हातातून सोडवत नाही.

तुझ्या गिटारला ब्रिज न हलवता 28⅝ इंची मान लावता येते. अमेरिकेतली वॉरमॉथ ही कंपनी अशी मान विकते. वरचा हिशेब वाचलास तर ती का बसते ते कळेल. ती तुझीच मान आहे, नटकडे दोन पडदे वाढवलेली. मागवण्याआधी बॉडीतल्या खाचेची रुंदी मोज. फेंडरच्या मापाची खाच 56 मिलिमीटरच्या आसपास असते. स्वस्त गिटारमध्ये ती कमी-जास्त निघते, स्क्रूची भोकंही सरकलेली असतात. पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरून एकूण आकडा काढ. मान गिटारपेक्षा महाग पडू शकते.

म्हणून त्याआधी, आहे त्याच मानेवर 13-62चा सेट लाव आणि बीला जुळव. ताण जवळपास तेवढाच राहील, तेव्हा मानेची काळजी नको. नटच्या खाचा मात्र रुंद कराव्या लागतील. खाच तारेच्या जाडीची, तळ गोल, आणि उतार ट्यूनिंग कीकडे. तार खाचेत अर्धी बसली, अर्धी वर राहिली की पुरे. जुना नट जपून ठेव, वेगळा नट घेऊन त्यावर काम कर. आवाज थोडा मातकट येईल, पण खालच्या सुरांत तुला काय वाजवावंसं वाटतं ते कळेल. दोन महिन्यांनीही तीच गिटार आधी हातात घेत असशील, तर मानेसाठी पैसे साठव.

वाशीच्या घरात माझी सिंगल कॉइलची गिटार सतत घूं करते. बॅरिटोनला हा त्रास जास्त होईल का? – एक वाचक, वाशी

ऐकू जास्त येईल. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि बॅरिटोनची तळाची ए 55ची. घुमणारा आवाज तुमच्या सुरांच्या अगदी शेजारी बसतो, त्यामुळे टोनची बटणं फिरवून तो काढता येत नाही. काढायला गेलात तर सूरही जातो. पिकअपच्या आणि पॉटच्या (आवाज-टोनच्या बटणांच्या) सगळ्या खाचांना तांब्याची चिकटपट्टी लावा, पट्ट्यांचे सांधे सोल्डरने जोडा, झाकणाच्या आतल्या बाजूलाही लावा, आणि सगळं अर्थिंग एकाच बिंदूला आणा. पट्टी, पॉट, कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. तरीही पिकअपमधून थोडा आवाज येत राहील. नवीन गिटार बनवत असाल तर हंबकरच घ्या, किंवा उलट गुंडाळलेल्या सिंगल कॉइलची जोडी. आणि त्याआधी एकदा घरातल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ते जिवाशी निगडित आहे.

फेंडरची बास सिक्स म्हणजे बॅरिटोनच का? – घोडबंदर रोड, ठाणे

नाही. 1961 साली आलेली बास सिक्स 30 इंची आहे, पण ती गिटारच्या पूर्ण एक सप्तक खाली लागते, म्हणजे बासच्याच सुरांना. त्याआधी, 1956च्या सुमारास डॅनइलेक्ट्रो कंपनीनेही तशीच सहा तारांची बास काढली होती. बास सिक्सवर बॅरिटोनच्या तारा लावून बीला वाजवता येतं, मात्र नट बदलावा लागतो.

बॅरिटोन तयार आहे, पण बॅगेत मावत नाही आणि जाड तार खुंटीत जात नाही. – एक वाचक, कळवा

बॅग बासची घ्या. थोडी मोठी होते, आत हेडस्टॉकखाली फोमचा तुकडा ठेवा. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये ती पाठीवर नको, पुढे उभी धरा.

62ची तार 1.57 मिलिमीटर जाड असते. खुंटीचं भोक त्याहून लहान असेल तर ड्रिल चालवू नका, दांडा तुटू शकतो. एक नंबर खालची तार बसते का बघा, नाहीतर तेवढी एक की बास तारेला चालणारी घ्या. तारेची गुंडाळी नटच्या पलीकडे खुंटीपर्यंत पोचते ना, तेही बघा. बॉडीतून तार ओवायची असेल तर आणखी लांबी लागते. आणि जाड तार आधी खुंटीत घालून काटकोनात वळवा, मग उरलेलं टोक कापा. सरळ असताना कापली तर वरची गुंडाळी गाभ्यावरून सुटते आणि नवी तार वाया जाते.